मुंबईत राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालय हवं की नको?

कूपरेजकर: लेकीकडे मँचेस्टरला गेलो होतो, तिथलं राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालय पाहिलं. १९६६ च्या वर्ल्ड कप फायनलचा चेंडू काचेआड ठेवलाय. आपल्याकडे असं काही का नाही? झालं तर मुंबईतच व्हावं. रोव्हर्स कप हा फुटबॉल स्पर्धेचा चषक १८९१ पासून इथला. हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते ५४ सलग पाच वेळा तो नेला. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारणारा नेव्हिल डिसूझा इथल्याच क्लबांचा. आज कोणाला आठवतोय?

शिट्टीवाला: काका, राग मानू नका, पण आधी मैदान द्या. माझी तेरा वर्षांखालची पोरं चार क्रिकेट मॅचेसच्या मधोमध कोन मांडून सराव करतात. गेल्या शनिवारी कुठल्याशा मॅचचा डीप मिडविकेट आमच्या गोलमध्येच उभा होता! टर्फचं भाडं पालकांना झेपत नाही. आणि तुम्ही काचेची कपाटं मागताय.

हावडा_ते_दादर: राष्ट्रीय म्हणता, तर कोलकाताच. तिथल्या मोहन बागान क्लबने १९११ साली आयएफए शील्ड ही फुटबॉल स्पर्धा जिंकली, बहुतेक सगळे अनवाणी खेळून. रोव्हर्स कप तर तुम्हाला चालूही ठेवता आला नाही.

कूपरेजकर: हे लागलं. पण मँचेस्टरचं संग्रहालयही आधी प्रेस्टनला होतं, २००१ पासून. इंग्लंडची पहिली फुटबॉल लीग जिंकणारं गाव! तरी २०१२ मध्ये हलवलंच.

हिशेबनीस: त्याच संग्रहालयात मॅराडोनाचा १९८६ चा 'हँड ऑफ गॉड'वाला, म्हणजे हाताने मारलेल्या त्या गोलच्या वेळचा शर्ट वर्षानुवर्षं होता, पण उसना. २०२२ मध्ये मालकाने लिलावात काढला, ७१ लाख पौंडांना गेला. सुरुवातीला प्रवेश फुकट होता, आता शहराबाहेरच्यांना तिकीट आहे. तिकडे ही गत, तर आपल्याकडे फीत कापल्यावर एसीचं बिल कोण भरणार? आणि ठेवणार काय?

कूपरेजकर: आमच्या माळ्यावर वडिलांचा चेंडू आहे. गिरणीच्या टीमकडून खेळायचे. चामड्याचा, वादीने आवळलेला, आत ब्लॅडर. पावसात भिजला की धोंडा व्हायचा. हेडर वादीवर बसला की कपाळ सोलायचं, तो व्रण त्यांना शेवटपर्यंत होता. त्यांच्या दोस्तांच्या जर्सी, कप, फोटो घरं बदलताना भंगारात गेले. मैदान दहा वर्षांनीही मागता येईल हो, या वस्तू तोवर राहतील का?

शिट्टीवाला: दहा वर्षांनी माझी पोरं तेवीसची असतील, काका. संग्रहालयाला माझं मत नाहीच. चेंडू मात्र शनिवारी सकाळी सातला घेऊन या, पोरांना दाखवू. मिडविकेटपासून सांभाळा.