रनिंग बघायचं की किंमत? जुन्या मोठ्या सेडानचे अनुभव लिहा

मुलीची दहावी झाली. घरातल्या हॅचबॅकनं अकरा वर्षं इमानेइतबारे काढली. आता एकच हौस उरलीय, मागच्या सीटवर पाय पसरून बसता येईल अशी मोठी जर्मन सेडान. नवी परवडत नाही हे सांगायलाही नको. म्हणून जुनी बघतोय आणि तीन महिने एकाच जागी अडकलोय.

दोन गाड्या समोर आहेत. कंपनी तीच, मॉडेल तेच, दोन्ही २०१४ च्या, दोन्ही डिझेल, दोन्ही एमएच १२. पहिली १ लाख २८ हजार किलोमीटर चाललेली, मागतायत ८ लाख ४० हजार. दुसरी फक्त ४१ हजार, मागतायत १२ लाख ९० हजार. म्हणजे न चाललेल्या ८७ हजार किलोमीटरचे साडेचार लाख. किलोमीटरला ५ रुपये १७ पैसे पडतात. (हो, हिशेब केला. बायको म्हणते गाडी घे नाहीतर कॅल्क्युलेटर तरी ठेव.) माझं रनिंग वर्षाला आठ हजारांच्या वर जाणार नाही.

मुद्दाम मायलेज हा शब्द वापरत नाहीये. आपल्याकडे मायलेज म्हटलं की लोक 'किती देते?' विचारतात. माझा प्रश्न 'किती चालली?' हा आहे.

ज्यांनी अशी गाडी घेतली, विकली, दुरुस्त केली किंवा नुसती चालवली, त्यांनी स्वतःचं लिहा, ऐकीव नको. आणि काही बिघडलं असेल तर कंपनीचं, डीलरचं नाव टाकू नका. मग गाडी बाजूला राहते आणि भांडणं सुरू होतात.

— पुणे, कोथरूड


डोंबिवलीहून:

मी विकणारी, त्यामुळे दुसऱ्या बाजूनं सांगते. आमच्या बाबांची, म्हणजे सासऱ्यांची गाडी. २०१२ ची पेट्रोल. ते गेले तेव्हा २६ हजार किलोमीटर झाले होते. कव्हर घालून ठेवायचे, दर रविवारी स्वतः पुसायचे, चालवायचे फक्त सिद्धिविनायकाला आणि लग्नांना. आम्हाला वाटलं, लोक उड्या मारतील.

फोनवर मारल्याच. मग एकेक जण यायचा, बघायचा आणि 'कळवतो' म्हणून जायचा. शेवटी एक भाऊ मेकॅनिक घेऊन आले. त्यानं टायरवर छापलेले चार आकडे दाखवले, २२१२. म्हणजे २०१२ चा बाविसावा आठवडा. टायरची नक्षी नव्यासारखी, पण रबर दगडासारखं आणि बाजूला बारीक चिरा. ब्रेक ऑइल काळं पडलेलं. एसी गार होईना. बॉनेटखाली उंदरांनी वायरी कुरतडून घरटं केलेलं, तेही आम्हाला तेव्हाच कळलं.

नव्वद हजार चाललेल्या गाडीच्या भावात गेली. ताई, गाडी जपलीत पण वापरली नाहीत, असं तो मेकॅनिक म्हणाला. घरी कोणाला हे सांगितलं नाही मी.


कोल्हापूर:

माझी दिल्लीची होती. तिकडे २०१५ मध्ये हरित लवादानं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश दिला, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच उचलून धरलं. त्या सुमारास आठ-नऊ वर्षांच्या मोठ्या डिझेल सेडान तिकडे पडत्या भावात निघायच्या. मी २०१९ मध्ये करोल बागेतून घेतली. २०११ ची, ७८ हजार किलोमीटर, ५ लाख ६० हजार. इकडे तशी गाडी नऊच्या खाली नव्हती.

स्वस्त कशी पडली ते आता ऐका. तिकडच्या आरटीओची एनओसी, कर्जाचा बोजा उतरवल्याचा कागद, मग इकडे महाराष्ट्राचा एकरकमी कर, नवा नंबर. कर वयानुसार कमी होतो, पण पाया गाडीच्या मूळ किमतीचा, त्यामुळे आकडा बघून घाम फुटला. चार महिने गाडी दारात दिल्लीच्या पाटीवर उभी.

त्यानंतर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी चॅसी नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. २०१६ च्या सर्व्हिसला नोंद १ लाख ३१ हजार. मी ७८ हजारांची घेतलेली! मीटर मागे फिरवलेला. विकणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं.

पण गंमत अशी की गाडी आजही चालते. खरा आकडा धरला तर सव्वादोन लाखांच्या पुढे गेली असेल. इंजिन उघडलेलं नाही. फक्त विकता येत नाही, कारण मी खरं सांगतो. चॅसी नंबरवर सर्व्हिसची यादी काढायला अर्धा तास लागतो, तो मी पैसे दिल्यानंतर काढला.


सांगली:

दोनच ओळी. ३३ हजार रनिंग, सिंगल हँड, चकचकीत. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढला, आतल्या टोकाला वाळलेला गाळ. आमच्याकडे २०१९ चा पूर कोणी विसरलेलं नाही, त्यामुळे मी गाडीत बसायच्या आधी बेल्ट ओढतो. अशा गाड्यांचे संगणक सीटखाली, गालिच्याखाली असतात. तिथं पाणी गेलं तर ३३ काय आणि ३ काय.


एडिसन, न्यू जर्सी:

इथे हिशेब मैलांत. २०१९ मध्ये २०१० ची लेक्सस ईएस ३५० घेतली, १ लाख ४२ हजार मैल झालेली, म्हणजे आपले जवळजवळ २ लाख २८ हजार किलोमीटर. आईला फोनवर आकडा सांगितला तर ती म्हणाली, अरे ती भंगारात का नाही गेली? चार वर्षं वापरली, तेल, ब्रेक आणि टायर याशिवाय खर्च नाही.

इथे गाडीचा इतिहास नंबर टाकला की विकत मिळतो, आणि २०११ पासूनच्या मॉडेलना विकताना मीटरचा आकडा वीस वर्षांपर्यंत लिहून द्यावा लागतो. त्यामुळे आकड्यावर जरा विश्वास ठेवता येतो. इथलं दुखणं वेगळं. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, गाडी खालून सडते. मी कमी मैलांची एक गाडी फक्त खाली वाकून बघितल्यावर सोडली. कोकणात, गोव्यात खाडीकाठी उभ्या असणाऱ्या गाड्यांनाही हेच लागू होईल, नाही का?


छत्रपती संभाजीनगर:

आमच्या गावाला मोठ्या गाड्यांचं वेड कधी लागलं हे सगळ्यांना माहीत आहे. २०१० मध्ये इथल्या मंडळींनी एकत्र येऊन एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या, पासष्ट कोटींचा व्यवहार, देशभर बातम्या. माझी त्या दीडशेतली नाही, दुसऱ्याच कंपनीची, पण हवा तीच लागलेली. २०१७ मध्ये सेकंड हँड घेतली, ९२ हजार झालेली.

मी वही ठेवली होती. तीच उतरवतो. घेताना ११ लाख. सात वर्षांत दुरुस्तीला ६ लाख ३० हजार. त्यात सगळ्यात मोठी दोन बिलं: एअर सस्पेन्शन १ लाख ४० हजार आणि गिअरबॉक्सचा मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं संगणकी युनिट) १ लाख ८० हजार. २०२४ मध्ये विकली ४ लाख २५ हजारांना. मी चालवली ६१ हजार. भागाकार करा, किलोमीटरला २१ रुपयांच्या वर, डिझेल आणि विमा सोडून.

कोथरूडच्या भाऊंना म्हणून सांगतो, तुमचे ते ५ रुपये १७ पैसे या २१ मध्ये कुठे बसतात ते बघा. एअर सस्पेन्शनचे फुगे रबराचे असतात, ते वयानं चिरतात. गाडी ४१ हजार चाललेली असो की सव्वा लाख, अकरा वर्षांचं रबर अकरा वर्षांचंच. आणि एवढ्या वयाच्या गाडीला झिरो डेप विमा (घसारा न कापता भरपाई देणारा) सहसा मिळत नाही, त्यामुळे बंपर घासला तरी खिशातून.

तरीही मला पश्चात्ताप नाही. समृद्धीवर ती गाडी जशी बसायची तशी दुसरी कुठली बसली नाही. ज्याच्या खिशाला हे झेपत नाही त्यानं मात्र या वाटेला जाऊ नये.


ठाणे:

मी चालक आहे. गाडी माझी नाही, पण चालवली मीच, सहा वर्षं. साहेबांच्या कंपनीची होती. सकाळी ठाणे, मग बीकेसी, आठवड्यातून दोनदा पुणे. बिल कंपनी भरायची म्हणून सर्व्हिस एक दिवस पुढे जायची नाही. १ लाख ६० हजार किलोमीटर झाल्यावर विकली तेव्हा घेणाऱ्यानं नाकं मुरडली, पण कागद बघून घेतली.

आता दुसरं सांगतो, रागावू नका. त्याच इमारतीत खाली आणखी आठ-दहा मोठ्या गाड्या उभ्या असायच्या. मे महिन्यात साहेब लोक वर मीटिंगला, आम्ही खाली एसी लावून बसलेलो. दोन तास, तीन तास. इंजिन चालू, मीटर हलत नाही. अशातली एक गाडी पुढे 'फक्त ३८ हजार, साहेब लोकांची गाडी' म्हणून विकली गेली. ती रोज घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून यायची. मी असतो तर घेतली नसती.


नाशिक, गॅरेज:

ठाण्याच्या दादांनी माझं अर्धं काम केलं. बावीस वर्षं हेच करतोय, आणि गिऱ्हाइकाला हीच गोष्ट पटवता येत नाही.

इंजिन किलोमीटर मोजत नाही, फेरे मोजतं. काही गाड्यांच्या संगणकात इंजिन एकूण किती तास चाललं तो आकडा असतो. चांगला स्कॅनर लावला की दिसतो. किलोमीटरला त्या तासांनी भागा. पन्नासच्या आसपास आलं तर गाडी हायवेवर जगली. पंधरा-वीस आलं तर सिग्नलला. सिग्नलवाल्या गाडीचं रनिंग मीटरवर कमी दिसतं, पण टर्बो, क्लच, ब्रेक, इंजिन माउंटिंग सगळ्यांनी जास्त सोसलेलं असतं. डिझेलची काजळीही अशाच गाडीत साठते. तुमच्या गाड्या २०१४ च्या. बीएस ६ ची, २०२० नंतरची कोणी बघत असेल तर धुराच्या नळीतला फिल्टर हा वेगळाच खर्च आहे, रोज तीन किलोमीटर चालवणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये.

मीटर मागे फिरवलाय का? आकडा एकाच जागी नसतो. ब्रेकच्या युनिटमध्ये, गिअरबॉक्समध्ये, काही कंपन्यांच्या तर चावीतसुद्धा असतो. फिरवणारा बहुतेक वेळा डॅशबोर्डवरचा फिरवतो आणि बाकीचे विसरतो. स्कॅनर नसेल तर ब्रेकच्या पेडलचं रबर बघा, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा. चाळीस हजारांत चामडं फाटत नाही.

गिअरबॉक्सचं तेल 'आयुष्यभर बदलायचं नाही' असं विकणारा सांगेल. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं सांगते, जे आधी होईल ते. म्हणजे तुमची ४१ हजारवाली सुद्धा तीन वर्षांपूर्वीच तेल बदलायला यायला हवी होती. बिल मागा. बिल नसेल तर बदललेलं नाही असंच धरा.

एक विनंती. गाडी बघायला सकाळी जा आणि आधी सांगू नका. गार इंजिनावर पहिल्यांदा चावी फिरवताना तुम्ही तिथं असलं पाहिजे. इंजिनाच्या मागच्या बाजूनं टायमिंग चेनचा (इंजिनाच्या आतल्या साखळीचा) खुळखुळाट आला तर नमस्कार करून घरी या. ज्या इंजिनांत चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असते, तिथं ती बदलायला सहसा इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. तुम्ही पोचता तेव्हा गाडीचा बॉनेट आधीच गरम असेल तर चहा प्या आणि दुसऱ्या दिवशी परत जा.


कोथरूड, पुन्हा:

सगळ्यांचे आभार, विशेषतः नाशिकच्या दादांचे. गेल्या शनिवारी स्कॅनरवाल्याला घेऊन दोन्हीकडे गेलो, सकाळी साडेसातला.

१ लाख २८ हजारवाली: इंजिनाचे तास २,६००. ताशी ४९ पडतात. मालक तळेगावला कारखान्यात जायचे, एक्स्प्रेसवेनं. कागदांची फाइल माझ्या आयकर फाइलपेक्षा नीट. गिअरबॉक्सचं तेल ८४ हजार किलोमीटरला बदललेलं, बिल आहे. दोन लोअर आर्म बुश (चाकाच्या सांध्यातली रबरं) गेलेत, मागच्या डाव्या दारावर ओरखडा.

४१ हजारवाली: तास २,५००. ताशी १६. आकडा खरा आहे, सगळ्या युनिटमध्ये ४१ हजारच. मालकांचा क्लिनिकचा रस्ता लक्ष्मी रोडवरून. म्हणजे दोन्ही इंजिनं जवळजवळ सारखीच चाललीत, फक्त एक पुढे गेलं आणि एक जागेवर. त्यांना गिअरबॉक्सच्या तेलाचं विचारलं तर म्हणाले, कंपनीनं कधी सांगितलं नाही. टायर चारही २०१४ चे.

त्यांना मी १० लाख म्हणालो. त्यांना राग आला, आणि त्यांच्या जागी मलाही आला असता.

दोन्हींचं रजिस्ट्रेशन २०२९ मध्ये पंधरा वर्षांचं होणार, पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर तेव्हा आलाच. साडेचार लाखांच्या फरकातले तीन लाख वेगळ्या खात्यात टाकून ठेवायचे असं बायकोनं ठरवलंय, संभाजीनगरच्या काकांची वही तिला दाखवली होती.

पहिलीला टोकन अजून दिलेलं नाही. रविवारी सासऱ्यांना घेऊन जातोय. गाडी जमिनीला इतकी टेकलेली आहे की त्यांच्या गुडघ्यांना मागच्या सीटवरून उठता येईल का, हे कुठल्याही स्कॅनरवर दिसत नाही.