शंभर टक्के निकालाच्या शाळेत शिकताना पडलेले प्रश्न

खाडीपलीकडची (प्रश्न)

मी राजापूर तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावात, माध्यमिक शाळेत दहावीच्या वर्गात शिकते. आमच्या शाळेचा गेल्या वर्षीचा निकाल शंभर टक्के लागला. त्याचा फलक एसटीच्या थांब्यावर अजून आहे. पावसाने एक कोपरा फाटून लोंबतो आहे, एवढेच. मला शाळेची बदनामी करायची नाही, कारण काही शिक्षकांनी मला मनापासून शिकवले आहे. तरीही त्या फलकावर जे लिहिले आहे आणि वर्गात बसल्यावर जे दिसते, त्यांचा मेळ मला घालता येत नाही.

आमच्या वर्गात एकेचाळीस मुले आहेत. गणिताच्या शिक्षकांचे पद जूनपासून रिकामे आहे आणि घड्याळी तासिकेवर नेमलेले सर आठवड्यातून तीनच दिवस येतात. इतर दिवशी तो तास ऑफ जातो. चार पन्नासची एसटी चुकली तर पुढची गाडी साडेसहाला, त्यामुळे शेवटचा तास सुरू होताच निम्मी मुले दप्तर आवरू लागतात आणि त्यांना कोणी अडवत नाही. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असतो तेव्हा शिक्षकांचा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जात नाही हे मान्य आहे. पण पाऊस थांबल्यावरही तो जात नाही. मागच्या आठवड्यात कोणीतरी फळ्यावर वेडेवाकडे लिहिले. लिहिणाऱ्याचे नाव कोणी सांगितले नाही, म्हणून सगळा वर्ग दोन तास व्हरांड्यात उभा होता. त्यात भूगोलाचा तास बुडाला, आणि ज्यांनी लिहिले होते ते उभ्या उभ्या हसत होते.

एक गोष्ट मी स्वतःबद्दलही कबूल करते. विज्ञानाची जर्नल मी गेल्या वर्षीच्या एका ताईच्या जर्नलवरून उतरवली आहे. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर काढण्याच्या प्रयोगात माझे उत्तर १०.२ सेंटिमीटर आहे, शेजारणीचेही १०.२ आहे आणि ज्या ज्या मुलांची जर्नल मी पाहिली त्या सर्वांचे तेच आहे. भिंग आम्ही एकदाही हातात घेतलेले नाही. सर्वांच्या पानांवर लाल शाईने ‘तपासले’ असा शेरा आहे.

हे कोणाला आणि कसे सांगावे, म्हणजे माझ्यावर चुगलखोर असा शिक्का बसणार नाही? आणि मला खरोखर किती येते, हे मी कशावरून ओळखावे?

फळा आणि खडू

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात सोळा वर्षे माध्यमिक शिक्षक आहे. मुली, तू ज्या वर्गाचे वर्णन केले आहेस तो माझाही असू शकला असता, म्हणून आधी गुणांचा हिशेब मांडतो.

दहावीला भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे या विषयांत ८० गुणांची लेखी परीक्षा असते, २० गुण शाळेच्या हाती असतात, आणि उत्तीर्ण होण्यास दोन्ही मिळून ३५ लागतात. शाळेने वीसपैकी वीस दिले, तर मुलाला लेखी परीक्षेत ८० पैकी १५ गुण पुरतात. २०१९ च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांचे अंतर्गत गुण बंद केले होते. राज्याचा २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के होता, तो त्या वर्षी ७७.१० टक्क्यांवर आला, आणि दरवर्षी पहिला येणारा आपला कोकण विभागही ९६ टक्क्यांवरून ८८.३८ वर उतरला. त्याच वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळे ही सगळी घसरण अंतर्गत गुणांच्या माथी मारता येणार नाही. पुढच्या परीक्षेपासून ते गुण पुन्हा सुरू झाले. २०२४ मध्ये राज्याचा निकाल ९५.८१ टक्के आणि कोकणाचा ९९.०१ टक्के लागला.

मी स्वतः सरसकट एकोणीस गुण दिलेले आहेत. शेजारच्या शाळेत सर्वांना वीस मिळतात हे माहीत असताना, माझ्या वर्गातील मुलाला त्याच्या कामाप्रमाणे बारा देऊन त्याचा अकरावीचा प्रवेश मी कोणत्या तोंडाने बिघडवू, असा विचार करून दिले. तो विचार बरोबर होता असे मी म्हणत नाही.

शिस्तीबद्दल सांगायचे तर शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली, आणि ते योग्यच झाले. परंतु छडी गेली त्या जागी आम्हांला दुसरे काही मिळाले नाही. समुपदेशक नाही, पदे रिकामी, आणि जे शिक्षक आहेत त्यांच्याकडे निवडणुकीची आणि ऑनलाइन माहिती भरण्याची कामे. सगळ्या वर्गाला दोन तास उभे करणे हा त्या हतबलतेचा परिणाम आहे.

जुने हेडमास्तर

‘हतबलता’ हा शब्द मला पटला नाही. गुहागर तालुक्यात मी तेहतीस वर्षे शिकवले आणि सुरुवातीची काही वर्षे छडीही वापरली. तेव्हाही मी फळ्याकडे तोंड केले की आठवीचा वर्ग मागे बोलू लागे. वर्ग ताळ्यावर आला तो मी रोज दहा वह्या घरी नेऊन तपासू लागल्यावर. दर पाचव्या दिवशी आपली वही मास्तरांच्या हाती पडणार आणि ते ती खरोखर वाचणार, हे मुलांना कळले, आणि मागच्या बाकावरचाही लिहू लागला. ज्या वहीवर न वाचता शेरा पडतो, ती मुलगा का लिहील? १०.२ सेंटिमीटर वर्षानुवर्षे टिकले ते यामुळेच. माझ्या मते तुझ्या शाळेतील गोंधळाचे मूळ व्हरांड्यात नाही, त्या लाल शेऱ्यात आहे.

नववीचा वर्ग हाती आला की पहिल्या दिवशी मी ७३५ ला ७ ने भागायला सांगत असे. निम्मी मुले १५ लिहीत. मधले शून्य त्यांच्या हातून गळून पडे. ही मुले आठवीपर्यंत वरच्या वर्गात ढकलली गेली, आणि ते शून्य कोणी परत आणून दिले नाही. २०२३ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी असा तीन अंकी भागाकार ४३.३ टक्के मुलांनाच जमला, हे वाचून मला नवल वाटले नाही.

आता फलकाविषयी. काही शाळांत नववीतील कच्च्या मुलाच्या पालकांना बोलावून ‘याचा १७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा’ असे गोडीने सुचवले जाते. मग तो खासगी विद्यार्थी होतो, आणि तो नापास झाला तरी शाळेच्या टक्केवारीला धक्का लागत नाही. तुमच्या वर्गात नववीला किती मुले होती, ते एकदा मोजून बघ.

तक्रारीत कोणाचेही नाव घालू नकोस. ‘अमुक सर शिकवत नाहीत’ असे लिहिलेस, तर भांडण माणसाशी होते. ‘जून ते ऑगस्ट या काळात गणिताचे इतके तास झाले नाहीत’ असे तारखांसह लिहिलेस, तर उत्तर द्यावेच लागते. आधी वर्गशिक्षकांना, मग मुख्याध्यापकांना, आणि तेथे काही हालले नाही तर पालक-शिक्षक संघाला द्यावे. पाच-सहा मुलांच्या सह्या एका कागदावर असल्या, म्हणजे चुगलखोरीचा प्रश्न उरत नाही.

रत्नागिरी पदविका

तुझ्या दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. मला दहावीला गणितात ८८ गुण होते, आणि पदविकेच्या पहिल्या सत्रात त्याच विषयात मी नापास झालो. अपेक्षित प्रश्नसंचातील उदाहरणे मला पाठ होती. आकडे बदलले तरी सोडवता येत होती. परंतु वर्गसमीकरणाचे सूत्र कोठून आले, असे आमच्या मॅडमनी विचारले तेव्हा मी सूत्रच पुन्हा म्हणून दाखवले. त्या हसल्या नाहीत, याचे मला जास्त वाईट वाटले.

बोर्डाची एखादी जुनी प्रश्नपत्रिका घे, बीजगणिताची ४० गुणांची. घड्याळ समोर ठेवून दोन तासांत, मध्ये न उठता सोडव आणि ती मैत्रिणीकडून तपासून घे. स्वतः तपासलीस, तर स्वतःला गुण वाढवून देशील. मी देत असे. तसेच पुस्तकातील सोडवलेले उदाहरण झाकून ठेवून प्रत्येक पायरी का घेतली ते तोंडी सांगून बघ. जेथे अडशील, तेथून अभ्यास सुरू कर. हे कंटाळवाणे आहे, आणि पहिल्या प्रश्नपत्रिकेला मिळणारे गुण पाहून रडू येईल, हेही आधीच सांगतो.

बंदरावरचा

मी दापोली तालुक्यातील मच्छीमार, पालक म्हणून लिहितो. शिक्षकांवर सगळे ढकलणे बरोबर नाही. नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या तेव्हा माझा मुलगा दोन आठवडे शाळेत गेला नाही, कारण मला खलाशी कमी पडत होता. गेल्या पालकसभेला आम्ही पाच जण हजर होतो आणि सगळा वेळ गणवेशाच्या रंगावर गेला.

एसटीचे मात्र होण्यासारखे आहे. आमच्याकडे शाळेचे आणि ग्रामपंचायतीचे अशी दोन पत्रे घेऊन आम्ही आगारात गेलो. दोन खेपा मारल्या, तिसऱ्या खेपेला गाडी वीस मिनिटे पुढे गेली. शेवटचा तास आता पुरा होतो. त्या तासाला काय शिकवतात, ते मी अजून विचारलेले नाही.

खाडीपलीकडची

सर्वांची मी आभारी आहे. हेडमास्तर सर, मी मोजले. नववीत आम्ही सत्तेचाळीस होतो. सहा जण कमी झाले, त्यांतील तिघे मुंबईला गेले आहेत. उरलेल्या तिघांच्या घरी मी जाऊन आले. तिघांच्याही आयांनी १७ नंबरच्या फॉर्मचेच नाव घेतले. त्यांतला एक माझ्या शेजारच्या बाकावर बसत असे आणि मला भूमितीच्या आकृत्या काढून देत असे.

गणिताच्या तासांचा अर्ज तारखांसह लिहिला आहे, आठ जणांच्या सह्या झाल्या आहेत. काका, एसटीचे वडिलांना सांगितले. ते ग्रामपंचायतीत बोलणार आहेत. दादा, बीजगणिताची प्रश्नपत्रिका सोडवली. मैत्रिणीने तपासून ४० पैकी १७ दिले.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही चौघींनी विज्ञानाच्या मॅडमकडे प्रयोगशाळेची चावी मागितली. त्या क्षणभर आमच्याकडे बघत राहिल्या, मग स्वतःच आल्या. कपाटातील भिंगाला बुरशी धरली होती, ते ओढणीने पुसले. खिडकीसमोर धरून मागे कागद पुढे-मागे केला, तेव्हा पलीकडच्या माडाचे उलटे चित्र कागदावर उमटले, झावळ्या हलत होत्या त्यासुद्धा दिसत होत्या. प्रत्येकीने तीन वेळा मोजले. अंतर १४.८ ते १५.१ सेंटिमीटरच्या दरम्यान आले. मॅडमनी फूटपट्टी हातात घेऊन एकदा स्वतः मोजले, आणि ‘जर्नलचे ते पान पुन्हा लिहा, चौघींची मी सोमवारी बघते,’ असे म्हणाल्या.