बंदी फक्त सिगारेटवर नाही

अमेरिकेत टपालाने तंबाखू पाठवण्यावर बंधनं घालणारा 2010 चा ‘पॅक्ट’ कायदा सिगारेटपुरता आहे असं वाटू शकतं, मग स्नूसची (ओठाखाली ठेवायच्या तंबाखूची) ऑनलाइन ऑर्डर रद्द का होते? कारण स्नूस, डिप (ओठाखाली दाबायचा ओलसर तंबाखू), नाकात ओढायची तपकीर, चघळायचा तंबाखू, सगळं त्यात येतं. सिगार मात्र सुटले.

29 जून 2010 पासून हा माल सरकारी टपालाने पाठवता येत नाही. विक्रेत्याला खाजगी कुरिअर शोधावं लागतं, आणि त्यातले मोठे घरगुती ग्राहकाकडे तंबाखू नेतच नाहीत. खेड्यात राहणाऱ्याची खरी अडचण इथे होते: त्याचा पत्ता बऱ्याचदा टपाल कार्यालयातल्या पेटीचा (पी.ओ. बॉक्स), आणि खाजगी कुरिअर तिथे देत नाही.

ऑर्डर देताना नाव, जन्मतारीख आणि पत्ता ओळखपत्रावर आहे तस्सा भरा. विक्रेता हा तपशील लोकांच्या नोंदींच्या माहितीसाठ्याशी (डेटाबेसशी) ताडतो. नुकतं घर बदललं असेल तर तिथेच अडकतं. दारात 21 वर्षं पूर्ण झालेल्या माणसाने फोटो ओळखपत्र दाखवून सही करायची. घरी कोणी नसेल तर खोका परत, आणि ओलसर तंबाखू तोवर सुकतो. एका खोक्यात 10 पौंडांपर्यंतच माल.

एका प्रौढाने दुसऱ्याला बिनव्यापारी भेट म्हणून टपालाने पाठवायला सूट आहे, पण 10 औंसांपर्यंतच, म्हणजे 283 ग्रॅम. डिपच्या आठ डब्यांतला नुसता माल 272 ग्रॅम भरतो. डब्यांचं आणि खोक्याचं वजन धरलं की मर्यादा ओलांडते. पाचच पाठवा.

स्वस्ताईची आशाही सोडा, राज्याचा कर विक्रेत्याला आधीच भरावा लागतो.