खांदा आणि जबड्याचा सांधा: जुने दुखणे कसे सांभाळावे?

प्रश्न (परभणी): माझा उजवा खांदा आणि कानापुढील जबड्याचा सांधा दीर्घकाळ दुखत असून, आता वेणी घालायला हात वर जात नाही आणि ज्वारीची कडक भाकरी चावताना कटकट आवाज येतो. या दोन्ही दुखण्यांचा परस्परांशी संबंध असतो का, आणि वेदनाशामक गोळ्या किती काळ घ्याव्यात?

उत्तर (लातूर): संबंध असू शकतो, कारण ताणाखाली मानेचे, खांद्याचे आणि चावण्याचे स्नायू एकत्रच आवळले जातात. मात्र मधुमेहात खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त असते, म्हणून रक्तातील साखर तपासावी. सकाळी सांधे बराच वेळ ताठर राहत असतील, तर आमवाताचीही तपासणी करावी. गोळ्या स्वतःच्या मनाने चालू ठेवू नयेत, त्या जठराला आणि मूत्रपिंडाला बाधतात.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर): जबडा दंतवैद्यांना दाखवावा, आमच्या शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. झोपेत दात आवळण्याची सवय असेल, तर ते मापाचे नाइट गार्ड (झोपताना दातांवर बसवायचे आवरण) सुचवू शकतात. माझ्या आईने भाकरी सोडली नाही (आमच्या घरी ते शक्यही नाही), परंतु ती वरणात कुस्करून खाते आणि जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरते.

उत्तर (बीड): चालताना किंवा जिना चढताना दुखणे वाढून थांबल्यावर उतरत असेल, तर ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते, मग खांदा उजवा असो वा डावा. तसे असल्यास व्यायामाआधी ईसीजी काढावा.