मदत हवी आहे: आगोटीची (पावसाळ्यासाठी भरून ठेवलेली) तूरडाळ दिवाळीपर्यंत कशी टिकवायची?

नमस्कार मंडळी. आम्ही चिपळूणचे. जुलै २०२१ च्या पुरात खालच्या फडताळातलं सगळं धान्य गेलं. चार दिवस पोहे आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या कुळथाच्या पिठावर निभावले. तेव्हापासून आगोट जरा जास्तच भरते, तीही माळ्यावर. त्यात भाव असे चढतायत की मे महिन्यात एकदम घेतलेलंच परवडतं.

अडचण डाळीची. गेल्या वर्षी १० किलो तूरडाळ दोन उन्हं दाखवून भरली आणि गणपतीत डबा उघडला तर पोरकिडे! झाकणाला आतून ओल होती. डाळ गरम असतानाच भरली, तिला घाम सुटला असावा. (ह्यांचं म्हणणं डबाच जुना. असो.)

सासूबाई बोरिक पावडर लावायच्या, पण घरात लहान मूल आहे, मला नको वाटतं. एरंडेल लावायचं तर किलोला किती? डाळ नंतर चिकट होते का? आणि आमच्याकडच्या दमट हवेत स्टीलचा डबा बरा की प्लास्टिकची घट्ट बरणी? कोकणातल्या कुणी स्वतः करून बघितलं असेल तर प्लीज सांगा, पुढच्या आठवड्यात सामान आणायचंय.