लग्नाची व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून आणली, सगळेच जाडे आणि बुटके दिसतायत

निवांत_नऊ
नमस्कार मंडळी. १९९४ सालची आईबाबांच्या लग्नाची कॅसेट एका स्टुडिओत देऊन पेन ड्राइव्हवर करून आणली. टीव्हीला लावली तर चित्र स्क्रीनभर येतंय पण माणसं सगळी वरून दाबल्यासारखी, आई बघून म्हणाली मी तेव्हा एवढी जाड नव्हते गं, आणि खरंच नव्हती, अल्बम आहे ना घरात. स्टुडिओवाला म्हणतो जुनी कॅसेट आहे, असंच येणार. लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेयरमध्ये कीबोर्डवरचं A दाबत गेलं की ४:३ ला (रुंदी ४, उंची ३) सगळं बरोबर दिसतं पण फाइल टीव्हीला लावली की पुन्हा तेच. फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये १९२० बाय १०८०, १६:९, २५ फ्रेम असं दाखवतंय. त्याच पेन ड्राइव्हवर माझ्या बारशाची पण फाइल आहे, तिच्यात माणसं जाड नाहीत पण उभ्या बायकांची डोकी कापलीयत 😐 हे घरी नीट करता येतं का? क्वालिटी आणखी जायला नको, आणि मला एडिटिंग येत नाही.

टेपवाला
ताई, यात कॅसेटचा काही दोष नाही. तेव्हा कॅमेरा ४:३, टीव्ही पण ४:३. आपल्याकडची टीव्हीची पाल (PAL) सिस्टिम, त्यातली कॅसेट सरळ कॅप्चर केली, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, की ७२० बाय ५७६ पिक्सेलची फाइल येते. तुमची १०८० ची आलीय म्हणजे मधे बहुतेक एखादा एचडीएमआय कन्व्हर्टर लावलाय आणि त्याने चित्र ओढून १६:९ मध्ये बसवलंय.

खात्री करायची तर चित्रात गोल वस्तू शोधा. त्या काळच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये नवरीचा चेहरा बदामातून नाहीतर गोलातून यायचाच, तो गोल आला की पॉज करा आणि स्क्रीनला पट्टी लावून मोजा. रुंदी उंचीच्या साधारण १.३३ पट भरली तर फक्त ताणलंय, काही कापलेलं नाही. गोल सापडला नाही तर भिंतीवरचं घड्याळ चालेल, पण समोरून दिसणारं हवं, तिरक्या ताटावर मोजलं तर काहीच्या बाही आकडा येईल.

ताणलेलंच असेल तर व्हिडिओला हातसुद्धा लावायला लागत नाही. एमकेव्हीटूलनिक्स (MKVToolNix) नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात फाइल टाका, व्हिडिओ ट्रॅक सिलेक्ट करा, उजवीकडे अ‍ॅस्पेक्ट रेशोच्या (रुंदी-उंचीच्या प्रमाणाच्या) रकान्यात ४/३ भरा आणि मल्टिप्लेक्सिंग सुरू करा. हे फक्त फाइलवर चिठ्ठी लावणं आहे की बाबा मला ४:३ मध्ये दाखव, पिक्सेल होते तेच राहतात, म्हणून क्वालिटी जायचा प्रश्नच नाही आणि काम पण पटकन होतं. व्हीएलसीमध्ये तुम्ही ए दाबता ते फक्त दाखवण्यापुरतं, फाइलमध्ये काही लिहिलं जात नाही.

बारशाच्या फाइलचं मात्र अवघड आहे. ती झूम करून १६:९ मध्ये बसवलीय, त्यात उंचीतला पाव भाग जातो. गेलेली डोकी कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाहीत, कॅसेट पुन्हा कॅप्चर करायला लागणार.

खटपट्या
टेपवाल्यांशी सहमत, फक्त एक. काही टीव्ही यूएसबीवरून लावलं की ती चिठ्ठी वाचतच नाहीत, तसं झालं तर हँडब्रेक (HandBrake) हे व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर वापरा. क्रॉपिंग (कडा कापणं) ऑटोमॅटिकवर असतं ते नन (None) करा, अ‍ॅनामॉर्फिक पण नन, आकार आपोआप ठरवायच्या टिका काढून १४४० बाय १०८० भरा. यात व्हिडिओ नव्याने एन्कोड होतो म्हणजे थोडी क्वालिटी जाते, म्हणून मूळ फाइल डिलीट करू नका!! आणि दोन्ही बाजूला काळे पट्टे दिसतील ते बरोबर आहेत. घरातलं कोणीतरी हमखास म्हणणार की स्क्रीन पूर्ण भरत नाही, पैसे वाया गेले. बहुतेक अशाच गिऱ्हाइकांमुळे स्टुडिओवाले ताणून देतात.

एक्यावन्न_पिक्सेल
खरं तर पाल फाइलच्या ७२० पिक्सेल रुंदीपैकी चित्र साधारण ७०२ पिक्सेलमध्येच असतं, कडेला रिकामी जागा. त्यामुळे ७२० बाय ५७६ चं सरळ ७६८ बाय ५७६ करणं चूक, ७८८ च्या आसपास यायला हवं.

खटपट्या
बरोबर आहे साहेब, पण फरक अडीच टक्क्यांचा आहे, ताईंच्या आईला ३३ टक्क्यांनी जाड केलंय 😄 आधी ते उतरवूया.

दूरदेशी
आमच्याकडे न्यू जर्सीत काढलेल्या जुन्या कॅसेट आहेत, त्यांच्या फाइल ७२० बाय ४८० आल्यात. त्या पण बिघडल्यात का?

टेपवाला
नाही, ती अमेरिकेची टीव्ही सिस्टिम एनटीएससी, ४८० च असतं आणि फ्रेम २९.९७. दाखवायचं तेही ४:३ मध्येच. फक्त भारतातल्या साध्या व्हीसीआरवर ती कॅसेट नीट चालत नाही, म्हणून तिकडेच कॅप्चर करून घेतलंत ते उत्तम.

निवांत_नऊ
मोजलं, गोल आहे एका ठिकाणी. रुंदी १२ सेमी, उंची ९. एमकेव्हीटूलनिक्सने केलं आणि आमच्या टीव्हीवर बरोबर दिसतंय!! आई खूश, बाबा म्हणतात माझे केस पण परत आणता येतील का. आता एकच, अगदी खाली एक वेडीवाकडी थरथरणारी पट्टी दिसते, ती कापून टाकू का? आणि बारशाची कॅसेट पुन्हा देताना काय सांगू?

टेपवाला
ती पट्टी व्हीसीआरचं टेप वाचणारं हेड बदलतं तिथली आहे, सगळ्याच व्हीएचएसला असते. जुने टीव्ही चित्राच्या कडा झाकून टाकायचे म्हणून तेव्हा दिसली नाही. कापू नका, कापलं की रेशो पुन्हा हलतो. फारच खटकत असेल तर कधीतरी एडिटिंग करताना तेवढ्यावर काळी पट्टी टाका.

स्टुडिओत सांगा की ७२० बाय ५७६ मध्येच द्या, १०८० नको, झूम नको, इंटरलेस्ड (एक सोडून एक ओळींचं चित्र) असेल तर तसंच राहू दे. आधी कॅसेटच्या खिडकीतून टेप बघा, पांढरी बुरशी दिसली तर साफ केल्याशिवाय व्हीसीआरमध्ये घालू देऊ नका, टेप तुटू शकते आणि हेड पण खराब होतं. आणि सगळी कॅसेट करायच्या आधी दोन मिनिटांचा नमुना मागून घ्या, त्यात उभ्या माणसांची डोकी आहेत का ते बघा आणि मगच पुढचं करायला सांगा.