12 तासांची ड्यूटी कशी निभावता? इंदूरच्या वॉर्डवाल्यांनी लिहा

रामबागकर
आपल्यात जीडीए (जनरल ड्यूटी असिस्टंट, म्हणजे वॉर्डातले मदतनीस), वॉर्डबॉय, आयाबाई म्हणून खासगी दवाखान्यांत लागलेले बरेच जण आहेत. रात्री 8 ते सकाळी 8, आणि रिलीव्हर आला नाही की पुढची ड्यूटीही आपल्याच गळ्यात. कसं निभावता ते सांगा. सेवाभाव, पुण्य वगैरे बोलायला 12 मेला, नर्स दिनाला, पाहुणे येतातच, ते इथे नको. पाय, कंबर, झोप, डबा, यावर बोला.

मी सुरुवात करते. माझा मेडिकल वॉर्ड, निम्मे पेशंट अंथरुणाला खिळलेले. बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, होऊ नये म्हणून दर 2 तासांनी कूस बदलायची, म्हणजे 10, 12, 2, 4, 6 असे फेरे ठरलेले. एकटीने कुणालाही उचलत नाही. पेशंटच्या खाली ड्रॉ शीट, म्हणजे सरकवायची आडवी चादर असते, दोघींनी दोन्हीकडून धरायची, एक पाय पुढे, गुडघ्यातून वाकायचं, पेशंट आधी आपल्याजवळ ओढून घ्यायचा आणि मग सरकवायचा. उचलायचं नाही, सरकवायचं, सगळी कंबर याच्यावर आहे. दुसरी कुणी मोकळी नसेल तर नातेवाइकाला हाक मारते. काही जण तोंड वाकडं करतात, पण डिस्चार्जनंतर घरी त्यांनाच करायचंय ना, शिकू देत.

आयसीयूवाला
पहाटे 3 ते 5 सगळ्यात वाईट, शरीर तेव्हा झोपेच्या तळाशी असतं, तिथे इच्छाशक्ती बिच्छाशक्ती चालत नाही भिया. त्या वेळात मी बसतच नाही. लिनन बदलणं, ट्रॉली भरणं, युरोबॅग (लघवीच्या पिशव्या) रिकाम्या करणं, सगळं उभ्याचं काम तेव्हा ठेवतो. आणि आउटपुटचा आकडा जागेवरच चार्टवर लिहायचा, नंतर लिहू म्हटलं की 400 चे 40 होतात आणि डॉक्टर किडनीच्या मागे लागतात.

चहा शेवटचा 2 च्या आधी. कॅफिन निम्मं उतरायलाच 5-6 तास घेतं, 4 ला कडक मारला तर घरी 9 ला छताचा पंखा मोजत पडायचं.

पोहेजलेबी
आम्ही तर नाइट सुटली की थेट पोहे, वर शेव, जीरावन, बाजूला जलेबी 😄 झोप अशी लागते की विचारू नका

रामबागकर
@पोहेजलेबी आणि गाडी कोण चालवतं?? जागरणानंतर डोळा लागायला सिग्नल पुरतो. सिटी बस धरा किंवा कुणाच्या मागे बसा.

सुदामानगरची सून
झोपेचं माझं वेगळंच. दिवसा झोपायचं म्हणजे आपल्याकडे गुन्हा आहे, आणि बाईने झोपायचं म्हणजे तर विचारूच नका. 9 ला घरी यायचं, अंघोळ, थोडं खाऊन आडवं व्हायचं, तोवर कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत हजर, शहर स्वच्छतेत पहिला नंबर आणतं त्याची आमच्या झोपेने किंमत चुकवायची, मग दूधवाला, कुरियर, आणि शेजारच्या काकू, “झोपली होतीस का गं?” सासूबाईंशी एकदा नीट बसून बोलले, की आई, मी आराम करत नाहीये, ही माझी रात्र आहे. तेव्हापासून त्या स्वतःच दाराला कडी लावून ओट्यावर बसतात, ओला-सुका त्याच देतात, काकूंनाही परस्पर परत पाठवतात. खिडकीला जाड काळा पडदा, फोन दुसऱ्या खोलीत. सलग 5 तास मिळाले तर संध्याकाळी परत तासभर पडते, दोन तुकडे झाले तरी चालतं. लग्नकार्यात सगळे विचारतात बारीक का झालीस, त्याला मात्र औषध नाही.

ग्वाल्हेरहून
इंदूर नाही पण लिहितो. आमच्याकडे जानेवारीत रात्री कॉरिडॉरमध्ये हाडं गोठतात. युनिफॉर्मच्या आत थर्मल घाला, बाहेर शाल नको, ती पेशंट ते पेशंट लागत फिरते. हात सतत धुऊन भेगा पडतात, घरी जाताना खोबरेल लावतो. ड्यूटीवर तेल लावून वर रबरी ग्लोव्हज घालू नका, तेलाने रबर खराब होतं.

एएनएमताई
पाण्याचं कुणीच बोललं नाही. वॉर्डातल्या कितीतरी मुली पाणीच पीत नाहीत, कारण स्टाफचं बाथरूम दोन मजले खाली, आणि उठलं की “कुठे गेली होतीस”. मग लघवीला जळजळ, ताप, आणि त्याच वॉर्डात अँटिबायोटिक. इनचार्जला सगळ्या मिळून सांगा, एकटीने सांगितलं तर नखरे वाटतात. आमच्याकडे त्याच मजल्यावरचं कुलूप उघडून मिळालं.

डबल ड्यूटीचंही तसंच. तोंडी हो म्हणू नका, रजिस्टरवर वेळ टाकून सही घ्या. पगाराच्या दिवशी तोंडी डबल कुणालाच आठवत नाही.

नवी भरती
दिवसाच्या शेवटी पाय सुजतात, पोटऱ्यांवर निळ्या शिरा दिसायला लागल्यात. ते घट्ट मोजे घेऊ का? कोणत्या साइझचे?

रामबागकर
@नवी भरती आधी ओपीडीत दाखव, तुझ्याच दवाखान्यात आहेस. शुगर असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर ते मोजे आपल्या मनाने घालायचे नसतात. चालेल म्हणाले तर माप सकाळी उठल्या उठल्या घे, घोटा आणि पोटरी दोन्ही, संध्याकाळी सुजलेल्या पायाचं घेतलंस तर मोजा ढिला येईल. घालायचे ड्यूटीला निघायच्या आधी, झोपताना काढायचे. आणि ती चपटी चप्पल सोड, मागून बंद असलेला बूट घे, अर्धा नंबर मोठा.